बोगद्यावरचं गाव

सेर्चू प्रकल्प वसाहत, भूतान
१४ नोव्हेंबर २०२३

प्रिय मारोतकाका,

अक्षरावरून ओळख पटली नसेल, म्हणून आधीच सांगते. मी शाल्मली, यज्ञेश्वर सरांची मुलगी. बाबांच्या तेराव्याला तुम्ही यवतमाळला आला होतात, त्याला दीड वर्ष झालं. दाराशी बराच वेळ बसून, न जेवताच निघून गेलात, ते माझ्या लक्षात राहिलंय. मागच्या आठवड्यात तुमच्या अंकुरला फोन केला तर तो म्हणाला, आबांना फोनवर आता काही ऐकू येत नाही, पण पत्र आलं तर दोनदा वाचतील. म्हणून लिहायला बसले.

मी दोन वर्षांपासून इथे भूतानमध्ये आहे. सेर्चू नावाची नदी बर्फाच्या डोंगरांतून खाली येते. तिचं पाणी चौदा किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगराच्या पोटात न्यायचं, उंचावरून सोडायचं आणि वीज करायची, असा हा प्रकल्प. पैसा आणि बरेचसे इंजिनीअर आपल्या देशाचे, नदी त्यांची. वीज झाली की यांना लागेल तेवढी हे ठेवतात, उरलेली आपण विकत घेतो. हिवाळ्यात नदी बारीक होते तेव्हा हेच लोक आपल्याकडून घेतात. इथला एक शिक्षक मला म्हणाला, "आमच्याकडे सोनं नाही, कोळसा नाही. उतार आहे. उतारावरचं पाणी हीच आमची खाण." यातली चिमूटभर वीज तारांतून फिरत फिरत तुमच्या वावरातल्या मोटरीपर्यंत येत असेल, कोणाला ठाऊक.

माझं काम असं: बोगद्यात सुरुंग उडाला, धूर गेला, की पुढे जायचं आणि उघड्या पडलेल्या दगडाचं चित्र काढायचं. थर कसे आहेत, भेगा कुठे आहेत, ओल किती आहे. बाहेर आलं की सकाळी ढग आपल्या खाली असतात. डोंगरांची टोकं तेवढी वर दिसतात. कधी वाटतं, आपण जमिनीवर राहतच नाही.

बोगद्याच्या बरोबर वर एक गाव आहे, ल्हामोखा. तेवीस घरं. छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात. सगळ्या गावाला एकच झरा. आम किंजांग नावाच्या सत्तरीच्या बाई तो राखतात. आम म्हणजे इथे मोठ्या बाईला म्हणायचं, आपल्या काकूसारखं. झऱ्यापाशी कपडे धुवायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. कारण पाण्यात लू राहतो, नागासारखा, पाण्याचा धनी. ते ऐकलं आणि मला तुमच्या विहिरीकाठच्या शेंदूर लावलेल्या साती आसरा आठवल्या. मी बारा वर्षांची असेन. तुम्ही माझा तळहात जमिनीवर ठेवला आणि म्हणालात, खाली पानी चालून राह्यलं, आयक. मला खरंच ऐकू आलं होतं, काका.

आता विचारायचं ते विचारते. पाणी कुठे आहे हे तुम्ही सांगता. ते कुठून येतं हेही सांगता येतं का? बोगदा झऱ्याच्या तीनशे मीटर खालून जाईल. दगड पक्का आहे, झऱ्याला धोका नाही, असंच सगळ्या तपासण्या सांगतात. मला तसं मत लिहून द्यायचं आहे. तुम्हाला काय वाटतं?

विमलकाकूंना नमस्कार.

तुमची
शाल्मली


मौजे डोंगरवाही, ता. कळंब
२ डिसेंबर २०२३

शाल्मली पोरी,

तुहं पत्र भेटलं. दोनदा नाही, चारदा वाचलं. तुह्या काकूले बी वाचून दाखवलं. ते म्हनते, पोरगी ढगाच्या वर राहून राह्यली तं जेवते काय?

तू मले मोठ्या मानसासारखं विचारलं म्हून सांगतो. मी पानाड्या आहो, सातवी शिकलेलो. तुह्या यंत्रायचं मले समजत नाही. पन पानी कुठून येते हे सांगता येते. त्याले काडी लागत नाही, नारळ लागत नाही. सबूर लागते.

त्या बुढीले विचार, झरा सगळ्यात जास्त कवा भरते. पावसाच्या मांगं चार-आठ दिवसांत भरत असन तं पानी जवळचं आहे, वरच्या मातीतलं. तुह्या बोगद्याचं त्याले काही नाही. पन पाऊस जाऊन दोन-चार महिने झाले, सारं सुकलं, अन् मंग झरा भरते असं ते म्हनली, तं ते पानी लांबून चालत येते, खोलातून येते. असं पानी थंडीत कोमट लागते. सकाळी त्याच्यावर वाफ दिसते. असं पानी कोनत्या वाटेनं येते ते कोनीच छातीठोक सांगू शकत नाही, मी बी नाही.

अन् सही करायच्या आंधी दोन उन्हाळे पाह्य. पावसाळ्यात पाह्यलेल्या पान्यावर मत देऊ नोको. एवढंच तं आमी तुह्या बाबांसंग दर रविवारी झरीले जाऊन शिकलो.

इकडे पऱ्हाटी बरी आहे. वेचाई सुरू आहे. तूर फुलावर आली. तुह्या काकूचं गुडघ्याचं दुखनं तसंच आहे, पन वावरात येनं सोडत नाही. वैष्णवी, अंकुरची पोरगी, तुह्या पत्रावरच्या तिकिटावरचा डोंगर पाहून राह्यली.

बाकी ठीक.

मारोतराव


सेर्चू प्रकल्प वसाहत
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय मारोतकाका,

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. हसू नका.

आम किंजांगना विचारलं. त्या म्हणाल्या, झरा भरतो तो नव्या वर्षाच्या सुमारास, वर बर्फ असतं तेव्हा. परवा पहाटे त्यांच्याबरोबर गेले. सगळा उतार गोठलेला, गवताच्या प्रत्येक पात्यावर पांढरं, आणि मधे हा झरा, वाफाळत. आम किंजांगनी कुंडातली पानं एकेक करून हातानं काढली. मी माझा हात घातला. कोमट होतं. मला इतकं सुंदर वाटलं की मी कशासाठी गेले होते तेच विसरले.

बोगद्यात गेल्या महिन्यात दगड बदलला. काळा संपला आणि पांढरा लागला, संगमरवर. दिव्यांच्या उजेडात भिंती दुधासारख्या दिसतात. त्यात पोकळ्या आहेत, काहींत माणूस उभा राहील एवढ्या. तिथे थोडंफार पाणी लागलं. झारखंडचे मजूर आहेत आमच्याकडे, त्यांनी आधी हात जोडले आणि मग पंप लावले. प्रकल्पप्रमुख म्हणतात, पोकळीत साठलेलं पाणी आहे, आठवड्याभरात वाहून संपेल. काळजीचं काही नाही.

एक मात्र समजलं नाही. झरी कसली, काका? बाबा दर रविवारी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जातात, असंच आई सांगायची. संध्याकाळी यायचे ते प्रसाद घेऊन. त्यांचे बूट मातीनं भरलेले असायचे, हे मात्र आठवतं. देवळात जाऊन बूट एवढे कसे भरतात, असं मी लहानपणी विचारलंही होतं. त्यावर ते नुसते हसले होते.

तुमची
शाल्मली


डोंगरवाही
२८ फेब्रुवारी २०२४

शाल्मली पोरी,

मले वाटलं तुले माहीत असन. माह्या हातून निंघून गेलं. आता अर्धं सांगून ठेवनं बरं नाही.

चिंतामणीले जात जाओ, ते खोटं नाही. पायऱ्या उतरून दर्शन घेवो, प्रसाद बांधून घेवो, अन् मंग मोटरसायकलवर झरी जामणीकडे. तुह्या आईले सांगू नका असं सरांनं माह्याकून वचन घेतलं होतं. शुभदाताई आता तुह्या भावापाशी पुन्याले आहे. सर गेले. वचन घेनाराच नाही राह्यला, म्हून लिहितो. चुकत असन तं माफ कर.

तू सात-आठ वर्षांची असशीन. झरीकडच्या जंगलात एका पोडाजवळ, कोलाम लोकायच्या वस्तीजवळ, चुन्याच्या दगडाची खान निंघनार होती. खानीच्या मालकाले कागद पाह्यजे होता, का पोडाच्या हिरीले धोका नाही. सर कॉलेजात दगडाचंच शिकवत होते, त्यायचं नाव होतं. सर भर पावसाळ्यात गेले. हीर काठोकाठ भरलेली. दगड ठोकून पाह्यले, मोजमाप केलं, अन् लिहून देलं का धोका नाही. लबाडी नाही केली त्यायनं. जे दिसलं ते लिहिलं.

तिसऱ्या वर्षी खान खोल गेली. खानीत पानी साचू नये म्हून मालकानं मोठे पंप लावले, अन् पोडाची हीर आटली. तिथली रामीबाई दोन एसट्या बदलून यवतमाळले आली. सरायच्या खोलीत गेली अन् पानी भराचा रिकामा गुंड टेबलावर ठेवला. बसून राह्यली, कॉलेज सुटेपावतर.

दुसऱ्या दिवशी सर माह्या घरी आले. आंधी एका सभेत मले हसले होते, म्हने पानाडे म्हंजे अंधश्रद्धा. त्या दिवशी वट्यावर बसले अन् म्हने, "मारोतराव, मले पानी पाह्याले शिकवा."

नऊ वर्ष आमी रविवारी तिकडे गेलो. तिसऱ्या वर्षी टेकडीच्या मांगं पानी सापडलं. पोडाच्या लोकायनं खोदलं, सरांनं बी खोदलं, हाताले फोड आले. त्या हिरीले आज बी पानी आहे. बाकीचे सहा वर्ष आमी नुसते ते पाह्याले जात होतो.

पन एक गोष्ट राह्यली. आपलं मत चुकलं, असं सरांनं कुठं लिहून नाही देलं. मी दोनदा म्हनलो. ते म्हने, मारोतराव, नाव जाईन, नोकरी जाईन, पोरगी शिकून राह्यली. हीर खोदली पन दुसरी सही नाही केली. त्यामुळं खान आनखी दोन पोडायकडे सरकली, त्याच कागदावर. तेराव्याले मी जेवलो नाही ते रागानं नाही. मले ते सारं आठवत होतं अन् घास उतरत नव्हता, एवढंच.

आता मी विचारतो. संगमरवर म्हंजे चुन्याच्या दगडाचाच भाऊ नं? सर सांगत जाय. बोगद्यातलं पानी कोमट होतं का? आठवड्यात संपलं का? अन् तू पैल्या पत्रात लिहिलं का मत "द्यायचं आहे". मले ते देल्ल्यासारखं वाचू आलं. तुनं सही आंधीच केलती काय?

मारोतराव


ल्हामोखा
३ जून २०२४

प्रिय मारोतकाका,

तुमचं पत्र मार्चमध्येच मिळालं होतं. तीन महिने उत्तर दिलं नाही.

हो. सही मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन महिने आधी केली होती. मला तुमच्याकडून उत्तर नको होतं, होकार हवा होता. तुम्ही उत्तर दिलंत.

बोगद्यातलं पाणी कोमटच होतं, काका. आठवड्यात संपलं नाही, महिन्यातही संपलं नाही. मी रोज त्यात गुडघाभर उभी राहून चित्र काढत होते आणि रोज स्वतःला सांगत होते की हे दुसरं पाणी आहे. मार्चमध्येच झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी वर गेले तेव्हा आम किंजांग कोरड्या कुंडात बसून पानं वेचत होत्या, नेहमीसारखी, एकेक. त्यांना थोडं हिंदी येतं. मी विचारलं, झोपलाय का लू? त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झोपला नाही. निघून गेला."

त्यानंतरचे पंधरा दिवस मी काहीही केलं नाही. ढग वर यायचे, खोली भरून जायची, मी बसून असायची. बाबांच्या वयाचा हिशेब करत होते. त्यांनी तो कागद लिहिला तेव्हा ते चाळीसचे होते. मी एकतीस आहे. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याशिवाय कोणाशी बोलावंसंही वाटत नव्हतं.

मग दुसरं मत लिहिलं. पहिलं चुकलं आहे, झरा आणि बोगद्यातलं पाणी एकच आहे, संगमरवराचा पट्टा पुढेही आहे आणि त्यावर आणखी दोन गावं आहेत, असं. प्रकल्पप्रमुखांनी ते वाचून दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "शाल्मली, दोन देशांचा करार आहे. तो एका झऱ्यासाठी थांबत नसतो." मी म्हटलं, करारात त्यांचं पाणीच तर आहे, सर. त्यांनी कागद पुढे पाठवायच्या ट्रेमध्ये ठेवला.

कागद दोन्ही देशांच्या संयुक्त समितीकडे गेला. बैठकीत भूतानच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी विचारलं की हे तुम्ही स्वतःहून का सांगता आहात, आम्हाला तर कळलंही नसतं. मी सांगितलं, पहिल्या कागदावरही माझीच सही आहे.

त्या भागातलं खोदकाम थांबलंय. भेगांत सिमेंट दाबून भरायचं काम चालू झालंय. माझं बोगद्यातलं काम काढून घेतलं, मी आता गोदामात दगडांचे नमुने लावत बसते. गावाला टँकरनं पाणी जातं. मला वसाहतीत राहवेना, म्हणून ल्हामोखातच एक खोली घेतली. आम किंजांग समोरून जातात, बोलत नाहीत.

झरा परत येईल का, काका?

शाल्मली


डोंगरवाही
२२ जून २०२४

शाल्मली पोरी,

येनार नाही. एकदा वाट बदललेलं पानी मागच्या वाटेनं आलेलं मी पाह्यलं नाही. भेगा भरल्या तं बोगद्यातलं गळनं थांबन, पन ते मंग तिसरीकडूनच कुठून निंघन. ते कुठून, एवढंच पाह्याचं राह्यते.

मी येतो.

अंकुरनं चौकशी केली. पासपोर्ट लागत नाही म्हने, मतदान कार्डावर जाता येते. तो संग येते. तुही काकू पैले रागावली, मंग म्हने जा, नाही तं घरी बसून मलेच पिसान. पन आता नाही येत. पावसाळ्यात सारेच पानाडे असतात, जिकडे पाय ठेवला तिकडे पानी. सोयाबीन निंघालं, दिवाळी झाली का येतो. थंडी पडली पाह्यजे.

गोदामात बसली तं बसली. जेवत जाजो.

मारोतराव


ल्हामोखा, भूतान
२४ नोव्हेंबर २०२४

विमल,

आमी सुखरूप आहो. अंकुरनं फोन केला तवा तुले समजलंच असन, पन मले तं फोनवर तुहा आवाज येत नाही, म्हून लिहितो. आपल्या लग्नाले सेहेचाळीस वर्ष झाले, तुले हे माहं पैलंच पत्र.

दोन दिवस रेल्वे, मंग मोटर, मंग घाट. घाटात एक जागा आली का खाली पाह्यलं तं ढग. मी अंकुरचा दंड धरला. तो म्हने आबा, डोळे मिटा. डोळे कायले मिटाचे, एवढ्या लांब आलो तं.

शाल्मली लय वाळली. मले पाहून पाया पडली अन् मान वरच करेना. मी डोक्यावर हात ठेवला, बसून राह्यलो. मंग तिनं चहा केला, इकडे चहात मीठ अन् लोनी टाकतात. तू पेली नसती.

इथली झरा राखनारी बुढी माह्याच वयाची आहे. पैल्या दिवशी ते मले तिच्या भाषेत मोठमोठ्यानं सांगत होती. मले कमी आयकू येते हे तिले माहीत नाही, अन् आयकू आलं असतं तरी समजलं नसतं. मी मान हालवो. तिले वाटलं समजून राह्यलं. तीन दिवस आमी असेच हिंडलो, ते पुढं, मी मांगं, शाल्मली माह्या मांगं. ढगात दहा हातावरचं दिसत नाही. बुढी मधातच थांबे, हात दाखवे, तिथं जुनी ओल असे. तिले सारा डोंगर पाठ आहे. मी पानाड्या कायचा, ते आहे पानाडी.

चौथ्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं झालं. सारा उतार पांढरा, दव गोठून कडक झालेलं. ऊन अजून आलं नव्हतं. अन् गावाच्या खाली, दोनशे पावलावर, एक पट्टा हिरवा. तिथं गोठलंच नव्हतं. लुगडं वाळू घातल्यासारखा लांब पट्टा. मी उभाच राह्यलो. बुढीनं माह्याकडे पाह्यलं, मंग तिकडे पाह्यलं, अन् खाली बसली. तिले सांगा लागलं नाही. जमिनीखालून गरम पानी चालते तिथंच थंडी बसत नाही.

दोन दिवस गावानं खोदलं. अंकुरनं बी कुदळ मारली. कमरेइतकं खोल गेल्यावर चिखल कोमट लागला. मंग पानी आलं, हळू, आवाज न करता. लय नाही. वावराले पुरनार नाही, प्याले पुरते. अन् खाली आहे, तेवीस घरायले वर चढवून न्या लागन. जुना झरा तं कोरडाच आहे.

बुढीनं शाल्मलीकून मले विचारलं, का पान्याचा धनी या नव्या जागी येईन काय. मी म्हनलो, आमच्याकडे आसरा असतात, सात बहिनी, त्या एका जागी राहत नाहीत, हिंडतात, चांगली जागा दिसली तं बसतात. शाल्मलीनं ते तिच्या हिंदीत सांगतलं. बुढी म्हने, "मग त्यातली एक आमच्याकडे राहू द्या."

मी हो म्हनून आलो, विमल. तुले विचारलं नाही.

काल शाल्मली म्हने, काका, बाबांची दुसरी सही राहिली होती ती मी केली असं समजू का. मी नाही म्हनलो. तुही तू केली. त्यायची त्यायच्यापाशी राह्यली. तिले ते लागलं, पन खोटं सांगून कायले समजूत काढाची पोरीची. मंग ते रडली, अन् मंग जेवली. आल्यापासून पैल्यांदा पोटभर जेवली.

आठ दिवसांत येतो. पऱ्हाटीची वेचाई थांबवू नोको.

मारोतराव


ल्हामोखा
१७ मे २०२५

प्रिय मारोतकाका,

नव्या पाण्याचं सांगायचं तर ते उन्हाळ्यातही टिकलं. तिथे दगडी टाकी बांधली आणि पंप बसवला. तीन घरं मात्र खाली राहायला गेली. वरची त्यांची बटाट्याची शेतं पडीक आहेत. जातायेता ती दिसतात. दिसावीत, असंच मला वाटतं.

समितीनं एक गोष्ट मान्य केली. पुढच्या सहा किलोमीटरवर, डोंगरात जिथे जिथे झरा आहे, तिथे वर्षभर पाणी मोजल्याशिवाय त्याच्या खाली खोदायचं नाही. कंपनीनं माझा करार वाढवला नाही. पण ही मोजणी भूतानच्या बाजूनं मलाच दिली. पद लहान आहे आणि चालणं फार. आजवर एकेचाळीस झरे झाले. प्रत्येक गावात झऱ्याची एक तरी राखणदार असतेच. ती आधी मला चहा देते, मग वरपासून खालपर्यंत न्याहाळते, आणि मग कुठे वाट दाखवते. काम दोन वर्षं मागे पडलं म्हणून आपल्याकडचे काही जण नाराज आहेत. पडलंच आहे मागे. खोटं नाही ते.

आम किंजांग आता बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. मध्ये मी आजारी होते तेव्हा रोज पेज आणून ठेवत होत्या, दाराबाहेर, आत न येता. मला वाटतं तेवढंच बरोबर आहे. गेल्या महिन्यात पुण्याला जाऊन आईला झरीचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिला खाणीचं माहीत नव्हतं, पण बुटांची माती देवळातली नाही एवढं कळत होतं. दिवाळीत आम्ही दोघी येऊ. रामीबाईंकडे आम्हाला घेऊन जाल ना? मला तिथे काय बोलायचं ते माहीत नाही. बहुतेक बसूनच राहीन.

पण आज लिहायला बसले ते कालच्यासाठी. ल्हामोखाखालचा, सिमेंट भरलेला भाग पार करून, बोगद्याचा हा टप्पा काल पलीकडच्या तोंडातून आलेल्या खोदकामाला मिळाला; मोजणीचे सहा किलोमीटर त्याच्या पुढचे, ते अजून थांबलेलेच आहेत. मला आत जायचा हक्क राहिलेला नाही. तरी प्रकल्पप्रमुखांनी स्वतः फोन करून बोलावलं. म्हणाले, ये, हा तुझा दगड आहे.

सकाळी अकराचा सुमार होता. शेवटची भिंत दोन हात जाडीची राहिली होती. या बाजूला झारखंडचे आणि इथल्या खेड्यांतले मजूर, त्या बाजूलाही तसेच, तीन वर्षं एकमेकांकडे खोदत आलेले, एकमेकांना कधीही न पाहिलेले. पहार मारता मारता एक भोक पडलं, डोकं मावेल एवढं. आधी काहीच झालं नाही. मग वारा आला. तीन वर्षांत बोगद्यात कधीच वारा नव्हता, काका. आमचे दिवे हलले. त्याला चीडाच्या झाडांचा वास होता, डोंगरापलीकडच्या कुठल्यातरी रानाचा. कोणी टोप्या काढल्या. ओरडायचं ठरलेलं असावं, पण कोणी ओरडलं नाही.

मग त्या भोकातून एक हात आला. कोपरापर्यंत, बोटं पसरलेला, हवेत काहीतरी शोधत. मजुरांनी मला पुढे ढकललं. मी तो धरला. ओला होता, चिखलानं भरलेला, आणि खूप गरम. तिकडचा माणूस भारतातला की भूतानचा, तरुण की म्हातारा, काही कळायला मार्ग नव्हता. मला वाटलं तो आता सोडेल. त्यानं सोडला नाही. मीही नाही.

तुमची
शाल्मली